शिलाई शाबूत, कापड फाटलं: जीन्सच्या हँडबॅगचं एक प्रकरण

शेजारच्या वहिनी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतात. मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा कपाटात तीन जुन्या जीन्स ठेवून गेला. बोहारणीने त्या घेतल्या नाहीत. गुडघ्यात आणि मांडीत गेलेल्या पँटवर ती साधी वाटीही द्यायला तयार नव्हती. मग वहिनींनी मोबाइलवर बघून त्यातल्या एका पँटची हँडबॅग शिवली आणि ती घेऊन रोज बसने कामाला जाऊ लागल्या. महिन्याभरात बॅग तळाशी फाटली आणि एका बाजूचा पट्टाही निघून आला. ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"ताई, एवढी पक्की शिलाई मारली होती हो. चार-चार वेळा फिरवली मशीन. तरी कशी गेली?"

इंदिरानगरमध्ये मी घरीच शिवणवर्ग चालवते आणि हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. जुन्या जीन्सची पिशवी बऱ्याच जणी शिवतात. त्यातल्या अनेक पिशव्या दोन-तीन महिन्यांत घरातल्या चपला नाहीतर कांदे-बटाटे ठेवायच्या कामी लागतात. मला याचं वाईट वाटतं, कारण कापड उत्तम असतं आणि मेहनतही मनापासून केलेली असते. वहिनींच्या बॅगेत बिघाडाचं कारण अगदी स्पष्ट दिसत होतं आणि दुसरी बॅग आम्ही त्या कारणावरूनच बेतली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

पहिली बॅग का फाटली

पहिली बॅग सर्रास करतात त्या पद्धतीची होती. दोन्ही पाय वरून कापायचे, कापलेली कड आतून शिवून तळ करायचा, कमरेचा भाग बॅगेचं तोंड म्हणून ठेवायचा आणि कापलेल्या पायाच्या पट्ट्या काढून त्यांचे बंद लावायचे. दिसायला छान दिसते, खिसे तयार मिळतात, दुपारभरात काम होतं.

बॅग उलटी करून मी ती खिडकीच्या उजेडात धरली. तळाची शिलाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाबूत होती. फाटलं होतं ते शिलाईच्या वर, बोटभर अंतरावरचं कापड. उसवली असती तर पुन्हा एक शिलाई मारून मी बॅग परत दिली असती. पण कापडच फाटलं असेल तर वर कितीही टाके घातले तरी ते फाटण्याची जागा फक्त थोडी पुढे सरकवतात.

असं का झालं, ते डेनिमच्या विणीत आहे. डेनिमचा, म्हणजे जीन्सच्या कापडाचा, ताणा (उभा धागा) निळा आणि बाणा (आडवा धागा) पांढरा असतो. निळा उभा धागा साधारणपणे तीन आडव्या धाग्यांवरून आणि एकाखालून जातो, म्हणून पँट बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी दिसते. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरच्या थरावर बसते. त्यामुळे धागा घासला की आधी फिका पडतो. आणखी घासला की झिजून तुटतो आणि खालचे पांढरे आडवे धागे उघडे पडतात. एखाद्या जागी नुसते पांढरे आडवे धागे दिसायला लागले तर तिथला ताणा संपला असं समजावं. पँटमध्ये ही जागा हमखास मांडीच्या आतल्या बाजूला, आसनाच्या खाली असते, कारण चालताना दोन्ही मांड्या तिथे एकमेकींवर घासतात. आता पाय वरून कापून तिथे तळ केला, की पँटचा सगळ्यांत झिजलेला भाग बरोबर बॅगेच्या बुडाशी येतो. डबा, पाण्याची बाटली, सगळ्याचा भार त्यावर.

पट्ट्याचं दुखणं वेगळं होतं. तो फक्त तोंडाच्या कडेला, दोन बोटं जागेत शिवलेला होता. "चार-चार वेळा फिरवली" म्हणताना वहिनी खरंच सांगत होत्या. बारीक टाक्याच्या इतक्या ओळी एकमेकींवर आल्या होत्या की कापडाला टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकं पडली होती, आणि तिकीट फाटतं तसंच ते त्या रेषेवर फाटलं.

जीन्सचा इतिहासही याच दुखण्यापासून सुरू होतो, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. अमेरिकेतल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याच्याकडे कामगारांच्या पँटी यायच्या आणि त्यांचे खिसे कोपऱ्यांत फाटायचे. त्याने ताण येणाऱ्या जागी तांब्याची रिव्हेट, म्हणजे धातूची टिकली, ठोकली. 20 मे 1873 रोजी त्याला आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना त्याचं पेटंट मिळालं. सगळी पँट जाड करत बसण्यापेक्षा ताण कुठे येतो ते पाहून नेमकी ती जागा पक्की करायची, हा शिंप्याचा विचार होता. पिशवी शिवतानाही विचार तोच हवा.

बॅगेत काय जाणार

माप घेण्याआधी मी वहिनींना रोजचं सामान आणायला सांगितलं. तीन पुडांचा डबा, लिटरभर पाण्याची बाटली, घडीची छत्री, पैशांचं पाकीट, चष्मा, एक फाइल. घरच्या काट्यावर ते तीन किलोच्या आसपास भरलं. शिवाय बुधवारी येताना त्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून भाजी आणतात. मेथीची जुडी आणि किलोभर टोमॅटो याच बॅगेत कोंबले जातात, हे त्यांनी जरा संकोचून सांगितलं. संकोचायचं काहीच कारण नव्हतं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि बाजारात ऐन वेळी हाताशी जी पिशवी असते तीच भरली जाते. पाच किलो धरायचे असं ठरलं.

फाइल आडवी बसावी म्हणून रुंदी 36 सेंटिमीटर, उंची 30. डबा उभा राहावा म्हणून तळ 10 सेंटिमीटर रुंद. वहिनींची उंची बेताची, त्यामुळे पट्ट्याचा खांद्यावरचा भाग 62 सेंटिमीटर पुरेसा होता. त्याहून लांब ठेवला असता तर बसमध्ये बॅग मांडीवर आपटली असती.

पँट पारखणं

उरलेल्या दोन पँट धुऊन, उलट्या करून आम्ही खिडकीशी धरल्या. हे काम घाईने करू नये. उजेड कुठून पाझरतो ते बघायचं, दोन बोटांच्या चिमटीत कापड धरून जाडी चाचपायची आणि विरलेल्या जागेभोवती खडूने रेघ मारायची. त्या रेघेच्या आतलं कापड बॅगेत कुठेही घ्यायचं नाही, मग ते कितीही सुंदर फिकं पडलेलं असो.

एक पँट निव्वळ सुती आणि जाड होती. मांडीच्या आत विरलेली, गुडघे पांढरे पडलेले, टाचेशी काठ घासलेला. पण गुडघ्याखालची पोटरी-नडगीची बाजू आणि मांडीची बाहेरची बाजू चांगली भक्कम होती. मागचे खिसे उसवल्यावर त्यांच्याखाली कापडाचा गडद निळा तुकडा निघाला, दुकानातून आणली तेव्हा पँट जशी असेल तसा. वहिनी त्यावरून हात फिरवत बराच वेळ बसल्या होत्या.

दुसरी पँट ताणली जाणारी होती. तशा कापडात लवचिक धागा बहुतेक वेळा आडवा, म्हणजे बाण्यात असतो. म्हणून कापड रुंदीत ताणतं, लांबीत फारसं नाही. बॅगेच्या मुख्य अंगाला असं कापड घेतलं तर वजनाने पोट सुटतं. ते आम्ही आतले खिसे आणि तळाचा दुहेरी थर एवढ्यासाठीच ठेवलं.

गुडघे गेले म्हणून आपण पँट टाकतो, पण कापडाचा निम्म्याहून जास्त भाग तेव्हा कामाचा असतो. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने 2015 साली आपल्या एका जीन्सचा हिशेब मांडला होता. कापसाच्या शेतापासून ती टाकून देईपर्यंत एका पँटमागे सुमारे 3,800 लिटर पाणी लागतं आणि त्यातलं सर्वांत जास्त कापूस पिकवायला, असं त्यात निघालं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात राहून मला ते भक्कम कापड घंटागाडीत टाकवत नाही.

उसवणं आणि कापणं

उसवायला शिवण्याइतकाच वेळ लागतो. पण काठाची आणि कमरपट्ट्याची शिलाई पुष्कळदा साखळी टाक्याची असते. आतल्या बाजूने बघितलं तर एकात एक अडकलेल्या कड्या दिसतात. योग्य टोकाचा धागा तोडून ओढला की ती सरसर उसवते. नाही उसवली तर दुसऱ्या टोकाने बघायचं. ब्लेडने कापत बसण्याची गरज पडत नाही आणि कापडाला घावही लागत नाही.

पायाला दोन शिलाया असतात. या पँटची बाहेरच्या अंगाची शिलाई साधी होती आणि मांडीकडच्या अंगाची दुमडून वरून दाब शिलाई मारलेली. आम्ही बाहेरची कापली आणि आतली तशीच ठेवली. पाय उघडला की गुडघ्याखाली साधारण 40 ते 45 सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मिळाला, मधोमध त्या जाड शिलाईचा कणा. दोन पायांचे दोन तुकडे म्हणजे बॅगेची पुढची आणि मागची बाजू.

इथे माप जमवताना एक अडचण आली. पुढची-मागची बाजू थेट जोडून खालचे कोपरे मोडून तळ काढायचा म्हटलं तर प्रत्येक तुकडा 36 अधिक 10 अधिक शिलाईची माया 3, म्हणजे 49 सेंटिमीटर रुंद लागतो. एवढं कापड त्या पायात नव्हतं. म्हणून बाजू आणि तळ वेगळे कापले. आता मोठा तुकडा 39 सेंटिमीटरचा पुरत होता. उंचीत 30, खाली दीड सेंटिमीटर माया आणि तोंडाशी दुमडायला 4, असे साडेपस्तीस. दोन्ही बाजूंच्या 13 सेंटिमीटर रुंद पट्ट्या मांडीच्या बाहेरच्या अंगातून निघाल्या. तळ दुहेरी घेतला, वरचा थर सुती, खालचा ताणणारा, आणि दोन थरांमध्ये कडक बक्रम. सगळे तुकडे उभ्या धाग्यावर सरळ कापले. तिरकं कापलेलं डेनिम लटकतं आणि मग बॅग एका अंगाला कलते.

पट्टा

सगळ्यांत जास्त विचार आम्ही पट्ट्यावर केला. पट्टा तोंडाच्या कडेला शिवला की बॅगेतलं पाच किलो वजन चार लहान चौकोनांवर लटकतं. त्याऐवजी पट्टाच तळाखालून फिरवला तर वजन पट्ट्यावर बसतं आणि कापडाला फक्त सामान धरून ठेवायचं काम उरतं.

त्यासाठी सव्वा इंची सुती निवार घेतली. लांबीचा हिशेब असा: एका बाजूने 30 वर, 62 खांद्याचा भाग, 30 खाली, असे 122. दुसऱ्या बाजूचे तेवढेच. तळाखालून दोनदा 10. एकूण 264 सेंटिमीटर, जोडासाठी थोडी जादा धरून पावणेतीन मीटर. ही एकच अखंड कडी झाली. तिचा जोड तळाखाली घेतला, खांद्यावर किंवा तोंडाशी नाही.

निवार नुसती दिसायला रुक्ष आणि खांद्याला टोचते. तिच्यावर दोन्ही पँटचे कमरपट्टे चढवले. पुरुषी पँटचा सरळ कमरपट्टा चारेक सेंटिमीटर रुंद, आधीच दुहेरी असतो. एक कड उसवून आत निवार सरकवायची आणि कड पुन्हा शिवायची. 34 कमरेचा पट्टा 88 सेंटिमीटर भरला. खांद्याचे 62 झाकून दोन्हीकडे 13-13 सेंटिमीटर बॅगेच्या अंगावर उतरला. दुसरा पट्टा ताणणाऱ्या पँटचा होता, पण आत निवार असल्याने त्याचं ताणणं आपोआप थांबलं.

पट्टे कडेपासून 9 सेंटिमीटर आत आले. मधली मोकळी जागा जीन्सच्या मागच्या खिशाच्या रुंदीएवढी होती, म्हणून तो गडद खिसा मध्यभागी ठेवून त्याच्या दोन्ही कडा पट्ट्यांखाली दाबल्या. बसचं तिकीट आणि मोबाइल तिथे राहतात. तोंडापासून चार बोटं खाली, पट्टा जिथे अंगापासून सुटतो, तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घातली. टाका साडेतीन मिलिमीटरचा, ओळ एकदाच.

मशीनचं म्हणणं

वर्गातली मशीन साधी, पायाची आहे. तिच्यावर जीन्स शिवता येते, पण तिला जपून. सुई 18 नंबरची, जाड पॉलिस्टर धागा, बॉबिनमध्येही तोच. जिथे जाड शिलाईवर दुसरी शिलाई येते तिथे सहा-आठ थर होतात. त्या जागा आधी पाट्यावर ठेवून हातोडीने ठोकून चपट्या केल्या. तरी सुईखाली कापड दाबून धरणारी दाबपट्टी पुढून उचलली जाते आणि टाका सुटतो. तेव्हा तिच्या मागच्या बाजूखाली डेनिमची घडी सरकवायची, म्हणजे ती सपाट बसते. पायडल सोडून चाक हाताने फिरवायचं. वहिनींनी एकदा घाईत पाय दाबला आणि सुई तुटली. रिव्हेट पक्कडीने काढता आल्या तर काढाव्यात, नाहीतर तेवढा भाग सोडून कापावं. रिव्हेटवर सुई घालू नये.

अस्तराला मांजरपाट वापरलं. पांढुरक्या अस्तरात किल्ली लगेच दिसते. तळाच्या अस्तरावर मोडक्या छत्रीचं कापड शिवलं, कारण बाटली कधी ना कधी गळते. तोंडाला पाच नंबरची चेन. निवार, चेन, बक्रम, मांजरपाट असं सगळं मेन रोडच्या बाजूला एका फेरीत मिळालं आणि खर्च दोनशे रुपयांच्या आत राहिला.

रंगाची एक परीक्षा मात्र विसरू नये. ओलं पांढरं फडकं प्रत्येक तुकड्यावर जोरात घासायचं. सुती पँटचा रंग केव्हाच बसलेला होता. खिशाखालच्या गडद तुकड्याने आणि दुसऱ्या पँटने मात्र फडक्याला निळं केलं. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने नीळ पक्की होत नाही. सुटा रंग पाण्यातच निघून जाऊ द्यावा लागतो. ते तुकडे वेगळे भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत धुतले. नाहीतर पहिल्याच पावसात वहिनींच्या फिक्या कुर्त्यावर निळा पट्टा उमटला असता.

वापरात

द्यायच्या आधी बॅगेत पाच किलो तांदूळ भरून ती रात्रभर दाराच्या आकड्याला टांगली. सकाळी मापली. उंची तेवढीच होती आणि पट्ट्याच्या फुलीशी कापड जराही ओढलं गेलं नव्हतं.

वहिनींनी ती जूनपासून वापरली. पावसाळ्यात डेनिम भिजतं आणि लवकर वाळत नाही, हे खरंच आहे. भिजलेली बॅग त्या उलटी करून पंख्याखाली ठेवत आणि त्या दिवशी दुसरी पिशवी नेत. गणपतीच्या सुमारास त्यांनी ती मला पुन्हा दाखवली. तळ आणि पट्टे जसेच्या तसे. चेनच्या दोन्ही टोकांशी मात्र अस्तर विसविशीत झालं होतं, कारण भाजी भरल्यावर चेन ओढून लावली जाते आणि सगळा ताण टोकांवर येतो. तिथे कमरपट्ट्याचे लूप दुहेरी करून जिभेसारखे शिवले. ते लूप आम्ही टाकले नव्हते म्हणून बरं झालं.

त्यांच्या बचत गटातल्या बायकांनी ही बॅग बघितली आणि 2027 च्या सिंहस्थात विकायला अशा पन्नासेक करता येतील का, असं विचारलं. त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. करता येतील, पण एका साच्यातून नाही. प्रत्येक पँट वेगळ्या जागी झिजते, त्यामुळे पुढच्या-मागच्या बाजूचं कापणं दर वेळी नव्याने बेतावं लागतं. बाजू, तळ, अस्तर आणि निवारीची कडी एकाच मापाची ठेवली तर तेवढं काम वाटून, एकगठ्ठा होऊ शकतं. उसवणं आणि पँट पारखणं हे सर्वांत वेळखाऊ, आणि तेच किमतीत धरायला बायका विसरतात. दोन बायकांचा अख्खा दिवस ज्या वस्तूत गेला ती रस्त्यावरच्या तयार पर्सच्या भावात विकू नका, असं मी त्यांना बजावलं. तेवढी किंमत मिळत नसेल तर घरापुरत्या शिवा. गटाने आधी पाच शिवून बघायचं ठरवलं आहे. त्यासाठी पँट गोळा करताना गुडघ्याखालचा भाग, मांडीची बाहेरची बाजू आणि कमरपट्टा शाबूत आहे का, एवढंच बघून घ्या असं सांगितलं आहे. बाकी काहीही फाटलेलं चालेल.

वहिनींची पहिली बॅगही आम्ही उसवली. तिच्या कमरपट्ट्याला आणि दोन खिशांना काहीच झालेलं नव्हतं. सिन्नरला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीला मोठी, भाजीचीच पिशवी हवी आहे. तिच्यासाठी तळ 14 सेंटिमीटरचा धरला आहे, आणि चेन लावायचीच नाही असं ठरलं आहे.